आभाळाची खबर आणि कोयत्याचा हक्क



वसंत व्याख्यानमालेत हवामानाचा विषय कशाला, असे कोणास वाटण्याचा संभव आहे. परंतु या दोहोंचे नाते जुने आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. आणि या देशाचे हवामान खाते निघाले तेही १८७५ सालीच. १८६४ साली कलकत्त्यास वादळाने झोडपले, १८६६ आणि १८७१ साली पावसाने दगा दिला, तेव्हा सरकारला आभाळाची नोंद ठेवण्याची निकड भासली. पुढे १९२८ साली खात्याचे ठाणे शिमल्याहून पुण्यास आले. पुण्यातील त्या चौकाला लोक अजून 'शिमला ऑफिस'च म्हणतात. १९३२ साली पुण्यातच शेतीच्या हवामानाची शाखा निघाली, आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी आकाशवाणीवरून हवामानाची वार्ता ऐकू येऊ लागली.

आज ती विद्या फार पुढे गेली आहे. मे २०२५ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेली नवी पद्धत देशाने स्वीकारली. पूर्वी बारा किलोमीटरच्या चौकटीचा अंदाज निघे, तो आता सहा किलोमीटरच्या चौकटीचा निघतो. वीज पडण्याची सूचना देणारे 'दामिनी' आणि पीकसल्ला देणारे 'मेघदूत' अशी ॲप मोबाइलवर मिळतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाची पत्रिका आठवड्यातून दोनदा निघते. पिवळा, नारिंगी, लाल असे रंग लावून इशारे दिले जातात. हे सारे चांगले आहे, आणि ज्या शास्त्रज्ञांनी ते केले त्यांना आम्ही नमस्कार करतो.

आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. ही खबर निघते कोणासाठी, पोहोचते कोणापर्यंत, आणि जिच्यापर्यंत पोहोचते तिला त्या खबरीवर वागण्याची मुभा आहे काय?

पत्रिका उघडून पाहा. तिचा रोख 'शेतकरी बांधवांनो' असा असतो. पेरणी थांबवा, फवारणी पुढे ढकला, काढलेले पीक झाकून ठेवा. हा सल्ला ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातील शंभर वहितीधारकांपैकी स्त्रिया सुमारे चौदा निघाल्या. परंतु खुरपणी कोण करते? कापूस कोण वेचते? शेळ्या कोण राखते, हंडा कोण आणते? वेचणीवाल्या बाईला मजुरी किलोवर मिळते. कार्तिकात अवकाळी पाऊस आला तर मालकाचा कापूस भिजतो हे पत्रिकेस ठाऊक असते. बाईचा रोज बुडतो याची दखल तीत दिसत नाही.

मग ती खबर जाते कोठे? ती मोबाइलवर जाते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे चोपन्न जणींजवळच स्वतः वापरण्याचा मोबाइल होता. बाकीच्यांच्या घरी फोन असेलही, पण तो नवऱ्याच्या नाही तर मुलाच्या खिशात असतो, आणि खिसा बाहेरगावी असतो. ज्या घरचा कर्ता गेला, तेथे तर शेताची नोंद आणि फोनचा नंबर दोन्ही त्याच्याच नावावर राहतात. आपल्या जिल्ह्यात अशी घरे किती आहेत हे आपणांस सांगावयास नको. इशारा निघतो तो मेलेल्या माणसाच्या नंबरावर, आणि शेत कसणारी बाई शेजारच्या बांधावर विचारीत फिरते.

भाषेचेही तसेच आहे. 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह मध्यम स्वरूपाचा पाऊस' हे वाक्य मराठी खरे; पण तांड्यावर घरात गोरमाटी बोलणाऱ्या म्हातारीला त्यातून काय बोध व्हावा? पोरे ऊसतोडीला गेल्यावर तांड्यावर म्हातारे आणि नातवंडे मागे राहतात. त्यांना 'आज दुपारी बाराच्या आत पाणी भरून घ्या, तीनपर्यंत उन्हात जाऊ नका' एवढे त्यांच्या बोलीत सांगितले म्हणजे पुरे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे येथून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती पाडव्याच्या आगेमागे परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल त्या जोडीवर दिली जाते, बहुधा नवऱ्याच्या हाती. बाई पहाटे उठते, भाकरी करते, ऊस सवळते, मोळी बांधते, डोक्यावर वाहून गाडीत भरते. आणि गाडी रात्री आली तर रात्रीही भरते. सहा महिने ती आपल्या गावी नसते. तिची नोंद बीडला, तिचा देह शिरोळच्या किंवा बेळगावच्या फडात. बीडच्या आभाळाचा अंदाज तिला तेथे काय कामाचा? आणि तेथील अंदाज तेथल्या ऊसवाल्याला जातो. पालाच्या कोपीत राहणारी ही बाई दोन्ही जिल्ह्यांच्या यादीबाहेर राहते.

समजा, तिला खबर मिळाली. उद्या वादळी पाऊस आहे, विजा पडतील, फडात जाऊ नका. ती काय करील? काम न केल्यास खाडा पडतो, खाड्याचा दंड उचलीवर चढतो. मजुरी टनावर, तोड नाही तर दाम नाही. मुकादमाला कारखान्याची घाई, कारखान्याला गाळपाची घाई. मग इशारा कानी येऊनही ती कोयता उचलते. हिला अडाणी म्हणणारे लोक आम्ही पाहिले आहेत. आमचे म्हणणे असे की, ही बाई अडाणी नाही, बांधलेली आहे. खबर समजणे आणि खबरीवर वागता येणे यांत जे अंतर आहे, ते कोणत्याही ॲपने तुटत नाही.

उन्हाचे उदाहरण घ्या. मैदानी मुलखात पारा चाळीस अंशांवर गेला आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक झाला म्हणजे उष्णतेची लाट धरतात. हा पारा कोठे असतो? पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर. ते शास्त्रशुद्धच आहे, कारण सर्व ठिकाणचे आकडे एका मापाने घ्यावे लागतात. परंतु बाई पेटीत उभी नसते. उभ्या उसात वारा फिरत नाही, पाचटाची धग खालून येते, डोक्यावर मोळी असते. पेटीतले अडतीस तिला अडतीस लागत नाहीत. म्हणून हंगामाच्या अखेरीस, मार्च-एप्रिलात, कामाच्या वेळा कोणत्या असाव्यात हे ठरविताना पाऱ्याबरोबर कामाचे स्वरूपही मोजले पाहिजे.

यावर उपाय नाहीत असे नव्हे. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने २००८ साली 'माणदेशी तरंग' हे लोकांचे रेडिओ केंद्र काढले. तेथे माणदेशची बोली ऐकू येते. त्याच साली जहीराबादजवळ माचनूर येथे दलित स्त्रियांनी 'संगम रेडिओ' चालविण्यास घेतला. त्या स्वतः बोलतात, स्वतः ध्वनिमुद्रण करतात, आणि पीकपाण्याची गोष्ट आपल्या तोंडाने सांगतात. अहमदाबादची 'सेवा' ही १९७२ साली नोंदलेली कष्टकरी स्त्रियांची युनियन. तिने उन्हाचा विमा उतरविला. ठरलेल्या आकड्यापलीकडे पारा गेला की पैसे द्यावयाचे. २०२४ च्या उन्हाळ्यात हजारो सभासद स्त्रियांना तसे पैसे मिळाले. रक्कम मोठी नव्हती. पण त्या दिवशी घरी बसण्याचे बळ थोडे तरी आले. खबर आणि भाकरी यांची गाठ तेथे प्रथम घातली गेली, आणि ती एका युनियनने घातली, याचा आम्हांस आनंद वाटतो.

तेव्हा आमच्या मागण्या अशा आहेत. कारखान्याने प्रत्येक फडावर रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा अंदाज पोहोचवावा, आणि तो प्रत्येक टोळीतील एका बाईच्या हाती द्यावा. नारिंगी व लाल इशाऱ्याच्या दिवशी खाडा लावू नये. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर चौतीस टक्क्यांनी वाढले ते भांडून, वाटाघाटी करून वाढले. पुढील करारात हवामानामुळे बुडालेल्या दिवसाच्या भरपाईचे कलम त्याच रीतीने घालून घेतले पाहिजे. फडावर सावली, पाणी आणि विजेच्या वेळी आसऱ्याची पक्की जागा असावी. हवामानाच्या यादीत नाव घालताना सातबारा विचारू नये. मजूर, विधवा, अपंग, शेळीवाली, सर्वांस स्थान असावे, आणि जेथे ती राहते तेथील खबर तिला मिळावी.

यातील काही कामे सरकारची, काही कारखान्यांची. पण काही आपली, या शहरातल्या लोकांची आहेत. ज्यांच्या घरी भांडी घासणारी बाई येते, त्यांनी लाल इशाऱ्याच्या दिवशी तिची सुट्टी कापू नये. ज्यांचे बांधकाम चालू आहे, त्यांनी दुपारी बारा ते तीन काम थांबवून रोज पुरा द्यावा. आठवडी बाजाराच्या गावी भावाच्या फलकाशेजारी हवामानाचा फलक लावण्यास खर्च तो किती? देवळाचा व मशिदीचा भोंगा, शाळेची घंटा, आशाताईंची फेरी, ही साधने गावोगाव आहेतच. पूर्वी दवंडी पिटली जाई तेव्हा ती महारवाड्यातही ऐकू येई, तांड्यावरही ऐकू येई. दवंडी ऐकण्यासाठी कोणाला आपले नाव नोंदवावे लागत नसे.

२०१४ ची गारपीट, २०१६ चा दुष्काळ आणि २०२५ च्या सप्टेंबरातील महापूर आपण सर्वांनी पाहिले. ऋतू आता जुन्या नक्षत्रांच्या हिशेबात बसत नाहीत, आणि पुढे अधिक बिघडतील असे जाणते सांगतात. अशा काळात आभाळाची खबर ही अन्नपाण्यासारखी गरज होणार. ती ज्याच्या हाती फोन आणि ज्याच्या नावे जमीन, त्याचीच मालमत्ता राहावी काय, याचा निर्णय आपणांस करावयाचा आहे. आमचे मत आम्ही मांडले. हंगाम संपवून माणसे गावी आली आहेत. आपण त्यांस भेटावे, टोळीतील बायकांस विचारावे, आणि आमच्या बोलण्यात चूक असेल तर ती दाखवून द्यावी.