भूल, घोरणं आणि हेडफोन

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



मी भूलतज्ज्ञ. "डॉक्टर, गुडघ्याचं ऑपरेशन आहे, मला पूर्ण झोपवूनच टाका," असं लिफ्टमध्ये गाठून सांगणारे आपल्याकडे बरेच आहेत. आज त्यांच्याशीच बोलायचंय.

गुडघा बदलताना बहुधा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. दुखत नाही. पण करवतीचा, हातोडीचा आवाज येतो, भीती वाटते. म्हणून वरून गुंगीचं औषध देतात. बहुतेकांना ते चालतं. ज्यांना स्लीप अ‍ॅप्निया आहे त्यांची गोष्ट वेगळी. झोपेत त्यांच्या घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो आणि माणूस मोठ्यानं घोरत पुन्हा श्वास घेतो. गुंगीच्या औषधानं घसा आणखी सैल पडतो आणि दचकून उठवणारा तो पहारेकरीही पेंगतो. खरी भीती ती.

माझ्या एका पेशंटनी, वय 68, फॉर्मवर 'काही त्रास नाही' लिहिलं होतं. काकू सहज म्हणाल्या, "रात्री यांचा श्वास मधेच थांबतो हो, मी कोपरानं ढोसते." त्या एका वाक्यानं आमचा बेत बदलला. गुंगी द्यायची नाही असं काकांशी बोलून ठरवलं. कानाला हेडफोन, समोर स्टँडवर टॅब आणि 'अशी ही बनवाबनवी' सुरू. आवाज बेताचाच, मी हाक मारली तर ऐकू यायला हवी ना! मधे काका इतके हसले की सर्जन म्हणाले, "काका, पोट हलतंय!" ऑपरेशन संपलं, तर सिनेमा राहिला म्हणून तक्रार.

सगळ्यांना हे जमत नाही. कुणाला ऐकू कमी येतं, कुणी इतकं घाबरतं की थोडं औषध द्यावंच लागतं. मग आमची नजर मॉनिटरवरून हलत नाही. आणि पोटाचं मोठं ऑपरेशन काही सिनेमा लावून भागत नाही.

घोरणं सांगायला लाजू नका, विशेषतः बायकांनी. दिवसा पेंग येते का, बीपी आहे का, असं आम्ही विचारतो, मानेचा घेर मोजतो (40 सेंटीमीटरच्या वर असला तर कान टवकारतो), ते उगाच नाही. सीपॅप मशीन असेल तर ऑपरेशनला येताना पिशवीत घाला. घरी कपाटावर ठेवून येणारे पुष्कळ. तपासणीला येताना शेजारी झोपणाऱ्या माणसाला बरोबर आणा.

आणि हेडफोन आपापले आणलेत तर बरं, आमच्याकडे जोडी एकच आहे.