मध्यस्थाची वाणी



मध्यस्थांच्या या परिषदेचा अध्यक्ष या नात्याने मी एकाच प्रश्नाकडे वळतो. भिन्न प्रकृतीच्या माणसांशी बोलताना मध्यस्थाने आपली वाणी किती वळवावी, आणि ती वळविताना कोणती गोष्ट तसूभरही ढळू देऊ नये, हा तो प्रश्न होय. भावाभावांच्या वाटणीत, शेताच्या बांधाच्या कज्ज्यात, नवराबायकोच्या फारकतीत तो आपणांस रोज पडतो. राष्ट्राराष्ट्रांचे तह घडवू पाहणाऱ्यालाही तोच पडतो, मात्र तेथील चूक लक्षावधींना भोवते. आपल्या खोल्यांतील बोलणे कायद्यानेच गुप्त असते, तर राजकीय वाटाघाटींची पत्रे, टिपणे व आठवणी मागे राहतात. म्हणून आजची माझी उदाहरणे राजकारणातील आहेत.

1930च्या जुलैत, सविनय कायदेभंगाची चळवळ ऐन भरात असताना, सर तेजबहादुर सप्रू आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी सरकार व काँग्रेस यांच्यामध्ये शिष्टाई करण्याचे पत्करले. गांधीजी येरवड्यास, मोतीलाल व जवाहरलाल हे नेहरू पितापुत्र अलाहाबादच्या नैनी तुरुंगात आणि व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन सिमल्यास, अशा तिन्ही ठिकाणी हेलपाटे घालताना या दोघांना एकच मजकूर अत्यंत विभिन्न मनांपर्यंत पोहोचवावयाचा होता. गांधीजी कैदी या नात्याने अखेरचा शब्द देण्यास नाखूष होते आणि नेहरूंचे मत आधी घ्या म्हणत होते. मोतीलाल कायद्यात मुरलेले, तर जवाहरलाल तत्त्वाच्या प्रश्नी तडजोडीचे नावही सहन न करणारे. आणि व्हाइसरॉय आपल्या कौन्सिलाच्या व विलायत सरकारच्या मर्यादांनी बांधलेले. अखेर नेहरू पितापुत्रांना खास गाडीने येरवड्यास आणून ऑगस्टच्या मध्यास तुरुंगाच्या आवारातच बैठका झाल्या. शिष्टाई फसली, सर्व पत्रव्यवहार पुढे छापून प्रसिद्ध झाला, आणि तरीही उभय पक्षांनी या दोघांवरचा विश्वास काढून घेतला नाही. ज्या मध्यस्थाची पत्रे दोन्ही पक्षांनी शेजारी शेजारी ठेवून वाचावी आणि कोणालाही आपण फसविले गेलो असे वाटू नये, त्याचे अपयशही पुढच्या यशाचे भांडवल होते, असे मी मानतो.

ते भांडवल पुढच्याच फेब्रुवारीत कामी आले. गोलमेज परिषदेहून परतलेल्या सप्रू, जयकर आणि श्रीनिवास शास्त्री यांनी गांधीजींना व्हाइसरॉयची भेट मागण्यास प्रवृत्त केले, आणि गांधीजींनी जे पत्र लिहिले त्यात सत्ताधीशापेक्षा त्या पदावरील माणसाला भेटण्याची इच्छा प्रकट केली. आयर्विन हे गाढ धर्मनिष्ठ गृहस्थ होते. हक्कांच्या मागणीने जे दार उघडले नसते ते या आवाहनाने उघडले, आणि 17 फेब्रुवारी 1931 रोजी बोलणी सुरू झाली. परंतु या बोलण्यांतील जो प्रसंग प्रत्येक नव्या मध्यस्थाने अभ्यासावा असे मला वाटते, तो पोलिसांच्या अत्याचारांच्या चौकशीचा होय. गांधीजींनी चौकशीची मागणी लावून धरली होती. आयर्विन यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे, की प्रथम त्यांनी राज्यकर्त्याला शोभतील अशी नाना कारणे सांगून पाहिली आणि त्यांतील एकही गांधीजींना पटले नाही. तेव्हा त्यांनी खरे कारण सांगितले. आपण पुन्हा कायदेभंग सुरू करणार नाही याची मला खात्री नाही, आणि तसा प्रसंग आलाच तर माझे पोलीस खचलेले असून मला चालणार नाही, अशा आशयाचे ते स्पष्ट बोलणे ऐकताच गांधीजींची मुद्रा उजळली आणि त्यांनी आपला आग्रह सोडला.

स्वभाव ओळखून बोलणे म्हणजे गोड बोलणे, असा एक दृढ समज आपल्या व्यवसायातही आहे, आणि त्याचा जितका निषेध करावा तितका थोडाच. समोरच्या पुरुषाला मृदू शब्दांची नव्हे तर निखळ सत्याची भूक आहे, हे ओळखणे हीच तेथे स्वभावाची खरी परीक्षा होती. काही माणसांना तपशील दिल्यावाचून धीर येत नाही. काहींना तपशिलाने गुदमरल्यासारखे होते आणि आधी एकंदर चित्र हवे असते. काहींना आपला अपमान झाला होता एवढे कोणी मान्य केल्याखेरीज पुढचा शब्दच ऐकू येत नाही. प्रत्येकाला त्याच्या दाराने आत जावे लागते. आत जाऊन सांगावयाचे ते मात्र सर्वांना सारखेच.

या शास्त्राचा सर्वांत पद्धतशीर उपयोग सप्टेंबर 1978मध्ये कॅम्प डेव्हिड येथे झाला. इजिप्तचे अन्वर सादात आणि इस्रायलचे मेनाकेम बेगिन यांना एकत्र आणण्यापूर्वी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी दोघांच्या स्वभावांची टिपणे आपल्या गुप्तचर खात्याकडून तयार करवून घेऊन ती अभ्यासिली होती. सादात विशाल ऐतिहासिक दृष्टीने बोलत आणि कलमांचा कीस काढण्याचा त्यांना कंटाळा होता. बेगिन एकेका शब्दाचा हिशेब मागत. आरंभीच्या समोरासमोरच्या बैठकांत खडाजंगी झाल्यावर कार्टर यांनी दोघांना वेगळे ठेवले, तेरा दिवसांपैकी उरलेले दिवस स्वतः या निवासातून त्या निवासात ये-जा केली, आणि अमेरिकेच्याच हातचा एकच मसुदा पुनःपुन्हा सुधारीत नेला. निघून जाण्याच्या तयारीत असलेल्या सादात यांच्याशी ते मैत्रीच्या आणि दिलेल्या शब्दाच्या भाषेत बोलले. अखेरच्या दिवशी जेरुसलेमविषयीच्या एका पत्रावरून बेगिन अडून बसले, तेव्हा बेगिन यांच्या प्रत्येक नातवंडाचे नाव घालून स्वाक्षरी केलेली छायाचित्रे घेऊन कार्टर त्यांच्याकडे गेले, आणि ती नावे वाचता वाचता त्या कठोर पुरुषाचे डोळे भरून आले.

ही कथा सांगणारे बहुधा येथेच थांबतात, आणि ऐकणाऱ्याची समजूत होते की छायाचित्रांनी तह झाला. वस्तुतः कार्टर यांनी त्याच वेळी त्या पत्राची शब्दरचनाही बदलून नेली होती. हृदयाला स्पर्श झाल्यामुळे बेगिन ऐकण्याच्या मनःस्थितीत आले. रुकार त्यांनी दिला तो बदललेल्या मजकुराला. पहिल्यावाचून दुसरे वाचले गेले नसते, आणि दुसऱ्यावाचून पहिले केवळ भावनेचा डाव ठरते. त्याच तहाविषयी आणखी एक गोष्ट सांगणे मला कर्तव्य वाटते: ज्या पॅलेस्टिनी जनतेच्या भवितव्याविषयी त्यातील एक अख्खा दस्तऐवज होता, तिचा एकही प्रतिनिधी तेथे नव्हता. ज्यांच्या सहीवाचून काम अडते त्यांच्याच स्वभावाची टिपणे तयार होतात.

आणि म्हणूनच मला पुन्हा येरवड्यास यावे लागते. ऑगस्ट 1932च्या जातीय निवाड्याने अस्पृश्य वर्गांस दिलेल्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधीजींनी 20 सप्टेंबरला आमरण उपोषण आरंभिले. त्या आठवड्यातील वाटाघाटींत मालवीय, राजगोपालाचारी, राजेंद्रप्रसाद, सप्रू आणि जयकर यांच्यासारखी माणसे होती, आणि त्या सर्वांना गांधीजींच्या मनाचे प्रत्येक वळण ठाऊक होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची भाषा निराळी होती. ते जागांच्या संख्येत, संरक्षणाच्या कलमांत आणि मुदतीत बोलत होते, कारण ज्या समाजाला शतकानुशतके केवळ सदिच्छा ऐकविल्या गेल्या त्याच्या प्रतिनिधीने आकड्यांतच बोलावयास हवे होते. त्यांच्या या भाषेला कित्येकांनी त्या वेळी हटवादीपणा म्हटले, हा त्यांच्यावर झालेला घोर अन्याय होय. सप्रूंचे मोठेपण असे, की त्यांनी त्याच भाषेत उत्तर शोधले. राखीव जागांसाठी अस्पृश्य मतदारांनीच आधी चार उमेदवारांची निवड करावी आणि त्यांतून संयुक्त मतदारसंघाने एकास निवडावे, ही योजना पुढे आली. निवाड्यातील 71 जागांच्या ठिकाणी प्रांतिक विधिमंडळांत 148 जागा ठरल्या. राखीव जागांच्या मुदतीबाबतच्या सार्वमताचा वाद परस्परसंमतीवर सोपविला गेला, आणि 24 सप्टेंबरला करारावर सह्या झाल्या.

करार म्हणून त्यात कौशल्य आहे, आणि ते मी नाकारीत नाही. परंतु ज्या वाटाघाटीत एका पक्षाचा प्राण तासातासाने क्षीण होत आहे, आणि त्या प्राणाला काही झाल्यास गावोगावच्या दुर्बळ वस्त्यांवर काय ओढवेल याचे भय दुसऱ्या पक्षाच्या मनात आहे, तेथे संमती कितपत मुक्त असते? बाबासाहेबांनी पुढे या कराराविषयी जे कठोर लेखन केले ते प्रत्येक मध्यस्थाने वाचावे. त्या दिवसांत एका पुरुषाची प्रकृती, शब्दशः आणि लक्षणेनेही, साऱ्या देशाच्या चिंतेचा विषय होती; दुसऱ्याने आपल्या प्रकृतीला मुरड घालावी असेच सर्वांनी गृहीत धरले. माझ्या मते वाणी वळविण्याच्या विद्येचा सर्वांत मोठा धोका हाच आहे. प्रबळाचा स्वभाव सांभाळला जातो, दुर्बळाचा स्वभाव वापरला जातो. आणि मध्यस्थ जितका निपुण, तितका हा अन्याय सफाईने घडतो.

आपल्या रोजच्या कामात हे किती वेळा घडते! घरातला कर्ता तापट आहे म्हणून त्याच्याशी जपून बोलावयाचे, आणि विधवा भावजय सोशिक आहे म्हणून तिला चार समजुतीचे शब्द सांगून हिश्शावरचा हक्क सोडावयास लावावयाचे. बँकेचा अधिकारी घाईत आहे म्हणून कर्जदार शेतकऱ्याला आजच अंगठा उठवावयास सांगावयाचे. तिचा सोशिकपणा आणि त्याचा संकोच आपण अचूक ओळखलेला असतो, आणि ओळखूनच त्याचा फायदा घेतलेला असतो. 2023च्या मध्यस्थी कायद्याने पक्षकारांना एकत्र वा वेगवेगळे भेटण्याची मुभा आपणांस दिली आहे. तसेच त्यांच्या स्वेच्छेचे रक्षण करण्याचे आणि तडजोड लादण्याचा आपणांस अधिकार नाही हे त्यांना स्पष्ट सांगण्याचे बंधनही घातले आहे. बंद दाराआडच्या वेगळ्या भेटीतच या बंधनाची खरी कसोटी लागते, कारण तेथे आपण कोणाशी काय बोललो हे विचारणारे तिसरे कोणी नसते.

म्हणून या अधिवेशनापुढे माझ्या दोन सूचना आहेत. नव्या मध्यस्थांच्या प्रशिक्षणात वेगळ्या भेटीतील संभाषणांचा सराव करविताना, तेच निवेदन प्रतिपक्षाच्या खुर्चीत बसलेल्या सहाध्यायीस ऐकवून त्यातील मजकूर कोठे बदलला याची तपासणी व्हावी. आणि जेथे दोन पक्षांच्या बळात उघड तफावत आहे, तेथे मसुदा तयार झाल्यावर दुर्बळ पक्षास तो घरी नेऊन, आपल्या विश्वासाच्या माणसाकडून वाचून घेण्यास किमान सात दिवसांची मुदत द्यावी, मग प्रबळ पक्षाचा स्वभाव कितीही उतावळा असो. कायद्याने दिलेल्या 120 दिवसांत हे सात दिवस सहज सामावतात. ठराव-समितीने या दोन्ही सूचना मसुद्यात घेऊन उद्याच्या खुल्या बैठकीपुढे मांडाव्यात, अशी विनंती करून मी आजच्या कामकाजास आरंभ करण्याची अनुज्ञा देतो.