सुटलेले ध्यान आणि उसना आवाज



तरुणपणी ध्यानाची गोडी लागावी, पुढे नोकरी, संसार, मुलांची शिक्षणे आणि घरातली आजारपणे यांत ती सुटावी, आणि पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा तिची ओढ वाटावी, असा अनुभव आपल्यांपैकी पुष्कळांना असेल. अशा वेळी हल्ली कोणी तरी सुचवितो की, मोबाइलवर ध्यानाच्या मार्गदर्शनाची ध्वनिमुद्रणे मिळतात. ती ऐकावी व सांगितले जाईल तसे करावे. ऐकणारा मात्र मनातून संकोचतो. एके काळी जे आपल्या बळावर साधत होते, त्यासाठी आता परक्या आवाजाचे बोट धरावयाचे काय? ह्या संकोचापायी कित्येक जण परतीच्या वाटेवर पाऊलच टाकीत नाहीत. तो संकोच अनाठायी आहे, असे मला आज सांगावयाचे आहे.

आविलाच्या संत तेरेसा (१५१५–१५८२) यांना पोप पॉल सहावे यांनी १९७० साली चर्चच्या आचार्यांत स्थान दिले. प्रार्थनेच्या शास्त्रात त्यांचा शब्द प्रमाण मानतात. त्याच तेरेसा आत्मचरित्रात सांगतात की, आपण अपात्र आहोत असे वाटून त्यांनी मूक प्रार्थना एक वर्षाहून अधिक काळ सोडून दिली होती. वडिलांच्या मृत्यूनंतर एका धर्मगुरूच्या सल्ल्याने त्या परतल्या. परतल्यावरही तास केव्हा संपतो आणि घड्याळाचे ठोके केव्हा पडतात, इकडेच कित्येकदा त्यांचे लक्ष असे. सुमारे अठरा वर्षे तर हाती पुस्तक घेतल्यावाचून प्रार्थनेस बसण्याचे धैर्य त्यांना होत नसे. पुष्कळदा ते नुसते उघडले तरी मन स्थिरावे. एवढ्या थोर साधिकेला आधार लागला, तर आपणांस लागला यात नवल ते काय!

आपल्या मराठी मुलखात तर ऐकण्याला पहिल्यापासून मान आहे. श्रवण, मनन, निदिध्यासन हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्ती सांगताना आरंभ श्रवणापासूनच केला. गोव्यात १६१६ साली छापले गेलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ एकाने वाचावे आणि इतरांनी ऐकावे, अशाच रीतीने लोकांपर्यंत पोहोचले. आजची ध्वनिमुद्रणे हे त्याच श्रवणाचे नवे रूप होय. श्री. सत्यनारायण गोयंका २०१३ साली निवर्तले. तरी विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरांत सूचना ऐकविल्या जातात त्या त्यांच्याच मुद्रित आवाजातील. ब्रिटनमधील जेझुइटांनी २००६ पासून दहा-बारा मिनिटांच्या दैनिक प्रार्थनेची ध्वनिमुद्रणे देण्यास प्रारंभ केला आहे.

मात्र आवाजांतही निवड हवी. संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ ह्या १५४८ साली मान्यता पावलेल्या ग्रंथात मार्गदर्शकाला आरंभीच ताकीद आहे की, त्याने थोडक्यात बोलावे. कारण साधकाला जे स्वतः गवसते, त्याचीच गोडी अधिक असते. हीच कसोटी ध्वनिमुद्रणाला लावावी. दोन वाक्यांमध्ये जो आवाज पुरेसा थांबतो तो उपयोगी. जो सारखा बोलतो तो घरातल्या गलबल्यात आणखी एक भर घालतो. रोज नवे मुद्रण शोधीत बसू नये. एकच दोन-तीन आठवडे ऐकावे. वाक्ये पाठ झाली की मन त्यांच्या पुढे जाऊ लागते. मग ते संपल्यावर दोन मिनिटे तसेच बसावे, पुढे पाच, पुढे दहा. पोहावयास शिकताना आपल्याकडे पाठीला भोपळा बांधतात. त्याची लाज कोणी बाळगीत नाही, आणि तो जन्मभर बांधूनही कोणी ठेवीत नाही.

पूर्वीच्या उंचीशी तुलना करू नये, हे दुसरे पथ्य. फादर अँथनी डिमेलो यांच्या ‘साधना’ (१९७८) ह्या पुस्तकात आरंभी काय करावयाचे, तर खांद्याला होणारा कपड्याचा स्पर्श जाणावयाचा. परतणाऱ्यानेही इतक्याच साध्या ठिकाणाहून निघावे.

आणखी एक गोष्ट अनुभवावरून सांगते. मी सुमारे वीस वर्षांनी ध्यानास बसले, तेव्हा प्रथम वर आले ते आईच्या निधनाचे, कामाच्या रगाड्यात बाजूस सारलेले दुःख. डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि कानातला आवाज मन प्रसन्न झाल्याचे सांगत पुढे चालला होता. त्या आवाजाला बोलता येते. ऐकता येत नाही. म्हणून असे काही दाटून आले, तर यंत्र निःशंकपणे बंद करावे, डोळे उघडावे, चार पावले चालावे, आणि विश्वासातल्या माणसापाशी मन मोकळे करावे. झोप वा अन्न तुटू लागले, तर वैद्यकीय सल्ला घेण्यास विलंब करू नये. इग्नेशियस यांच्या पद्धतीत साधकाचे ऐकून घेणारा जाणता माणूस जवळ असतोच. ती जागा कोणतेही मुद्रण भरून काढू शकणार नाही.

एवढे भान राखले, तर उसन्या आवाजाचा संकोच धरण्याचे कारण उरत नाही. ज्यांचे ध्यान सुटले आहे, त्यांनी आज निजण्यापूर्वी दहा मिनिटे काढावीत. आवाज सांगेल तेवढे ऐकावे, आणि तो थांबला की लगेच उठू नये.