इस्रायलमधलं लग्न: धर्म आणि कायदा



इस्रायलमध्ये ज्यू जोडप्याला नोंदणी पद्धतीने लग्न करता येत नाही.
१९५३ च्या कायद्याने ज्यूंचे लग्न आणि घटस्फोट त्यांच्या धर्मन्यायालयांकडे सोपवले.

धार्मिक ज्यू म्हणतात, याच नियमांनी समाज एकत्र राहिला.
धर्मनिरपेक्ष ज्यू म्हणतात, लग्न हा आमचा निर्णय आहे.
म्हणून अनेक जोडपी सायप्रसला जातात.
तिथे लग्न करून परततात.
मग सरकार त्याची नोंद करतं.

आपल्या कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली ज्यूंनाही या धार्मिक नियमांची झळ बसली.
ते खरोखर ज्यू आहेत का, हे पाहायला लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी होऊ लागली.
त्यांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केलं.
१९६४ साली संसदेने त्यांना पूर्ण ज्यू मानलं.

पण नोंदणी विवाह आजही नाही.
श्रोतेहो, श्रद्धा ज्याची त्याची.
लग्नाचा कायदा मात्र सगळ्यांना सामावून घेणारा हवा.