छोट्या रंगमंचाचे अर्थशास्त्र



अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात साराटोगा स्प्रिंग्ज नावाचे छोटे शहर आहे. तेथे १९६० मध्ये लीना व बिल स्पेन्सर या दांपत्याने 'कॅफे लीना' हे लोकसंगीताचे कॉफीगृह सुरू केले. थोडी पुंजी जमवून युरोपात जावे, असा त्यांचा बेत होता. तो तडीस गेला नाही. पुढे बिल निघून गेले, लीना राहिल्या. १९६१ मध्ये तेथे गायलेल्या बॉब डिलन या अपरिचित तरुणाला २०१६ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अशी जागा तोट्यात का जाते? बॉमोल व बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये याची मीमांसा केली. कारखान्यात यंत्रांमुळे उत्पादकता वाढते, त्याबरोबर वेतनही वाढते. चौघांच्या वादनाला मात्र पूर्वीइतकीच माणसे व तितकाच वेळ लागतो. परिणामी खर्च वाढतो, उत्पादकता वाढत नाही. यालाच 'बॉमोलचा खर्चविकार' म्हणतात. तिकीट महाग केल्यास सामान्य श्रोता दुरावतो; न केल्यास तूट येते.

ही तूट लीना यांनी अखेरपर्यंत सोसली. १९८९ मध्ये त्यांच्या निधनानंतर चाहत्यांनी ना-नफा संस्थेच्या रूपाने ती जागा टिकवली. देणग्या व स्वयंसेवकांचे श्रम हा तिचा आधार आहे.

भारतात संगीत नाटक अकादमी (१९५३) व सात विभागीय सांस्कृतिक केंद्रे यांद्वारे शासन कलांना साहाय्य करते. परंतु महोत्सव वर्षातून एकदा भरतो. नवोदित लोककलावंताला दर आठवड्याला गाण्यासाठी जवळचा, लहानसा मंच लागतो. सांस्कृतिक धोरणाची खरी कसोटी तेथेच आहे.