मागच्या बाकावरचे उत्तर

(महाविद्यालयीन अध्यापकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी शिक्षणतज्ज्ञ नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि शासनाचा एक माहिती अधिकारी आहे. परंतु मागच्या बाकावर बसून शिकलेला विद्यार्थी या नात्याने चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे, असे वाटते. "समजले ना?" असे प्राध्यापक विचारीत आणि सारा वर्ग मान डोलावीत असे. त्यात मीही असे. मराठी शाळेतून इंग्रजी माध्यमाच्या वर्गात आलेल्या माझ्यासारख्याला, समजले नाही असे उठून सांगण्याचे धैर्य होत नसे.

हार्वर्डचा अनुभव

मान डोलावणे म्हणजे समजणे नव्हे, याचा प्रत्यय हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांना १९९० च्या सुमारास आला. जड मालमोटार व हलकी मोटारगाडी यांची टक्कर झाली, तर कोणाचे बल अधिक? न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार दोन्ही बले समान. परंतु नियम मुखोद्गत असलेले, अवघड गणिते सोडविणारे विद्यार्थीही अशा प्रश्नांना अडखळले.

१९९१ पासून मझूर यांनी अध्यापनाची रीत बदलली. थोडे विवेचन झाले की ते एक बहुपर्यायी प्रश्न विचारीत. प्रत्येकाने स्वतः विचार करून उत्तर नोंदवावयाचे. बरोबर उत्तरे फारच थोडी आल्यास विषय पुन्हा समजावून द्यावयाचा. बहुतेकांची बरोबर असल्यास पुढे जावयाचे. प्रमाण साधारण ३० ते ७० टक्के असेल, तर विद्यार्थ्यांनी आपले उत्तर शेजाऱ्याला पटवून द्यावयाचे आणि मग पुन्हा मतनोंदणी. पुढे याच कामासाठी 'क्लिकर' हे मुठीत मावणारे बिनतारी उपकरण आले. कळ दाबताच साऱ्या वर्गाच्या उत्तरांचा आलेख पडद्यावर उमटतो. कोणाचे उत्तर कोणते, हे मात्र वर्गाला कळत नाही. लाजऱ्या विद्यार्थ्याला हा केवढा दिलासा!

चर्चेचे फळ

विद्यार्थी शेजारच्या हुशार मुलाचे उत्तर उचलतात, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी आनुवंशशास्त्राच्या वर्गात तिची परीक्षा केली. चर्चेनंतर त्याच तत्त्वावरील दुसरा प्रश्न प्रत्येकाने एकट्याने सोडविला. ज्या गटांत आरंभी कोणालाच बरोबर उत्तर येत नव्हते, तेथेही प्रगती दिसली. २००९ साली 'सायन्स' नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

यंत्र हे साधन

"आमच्या महाविद्यालयाला हे कसे परवडावे?" असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. कॅनडातील प्राध्यापक नॅथॅनिएल लॅस्री यांनी २००८ मध्ये क्लिकर आणि पुठ्ठ्याची पत्रे यांची तुलना केली. संकल्पना समजण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे अ, ब, क, ड लिहिलेली चार पत्रे छातीशी धरली, तरी काम भागते. कस लागतो तो प्रश्न रचण्यात. उलट, केवळ हजेरीसाठी किंवा गुण कापण्यासाठी वापरलेले महागडे यंत्रही वर्गाला पुन्हा मुके करील.

मित्रहो, उद्याच्या तासाला "समजले ना?" हा प्रश्न विचारू नका. त्याऐवजी एक नेमका प्रश्न द्या, दोन मिनिटे थांबा आणि मागच्या बाकावरचे पत्रही वाचा. चुकीचे असले तरी ते त्या विद्यार्थ्याचे स्वतःचे उत्तर असेल, आणि शिकविण्याची सुरुवात तेथूनच व्हावयाची आहे.