शंभर शेअर, १,११० डॉलर

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, कोलंबस शहरात १९५५ साली तिघा एमस बंधूंनी विमा कंपनी काढली, तीच आजची अफ्लॅक. तेव्हा १०० शेअर १,११० डॉलरना पडत. पुढे शेअरच्या रूपातला लाभांश आणि विभाजनं होत होत त्या शंभराचे १,८७,९८० शेअर झाले. मार्च २०१८ मध्ये एकाचे दोन झाल्यावर हा आकडाही दुप्पट झाला. पण नुसत्या विभाजनाने कुणी श्रीमंत होत नाही, हे ध्यानात घ्या. शेअर दुप्पट, भाव निम्मा. भाकरीचे तुकडे वाढले तरी भाकरी तेवढीच. खरी कमाई धंद्याची: १९७४ पासून जपानमध्ये विकलेला कर्करोग विमा, त्याचे वर्षानुवर्षं येत राहिलेले हप्ते आणि त्यातून दरवर्षी वाढत गेलेला रोख लाभांश.